एका दिवसात वाघूरची दरी : सहल आखता आखता संशोधनाचा प्रश्न

ज्वालामुखी बेटांवरच्या दऱ्यांचे व्हिडिओ हल्ली मोबाइलवर सारखे येत असतात. हवाईतल्या कौआई बेटावरची वायमेआ दरी, तिचे लाल-तपकिरी थर, वरून कोसळणारं पाणी. खाली प्रश्नही ठरलेले असतात : सकाळी किती वाजता निघायचं, आधी वर जायचं की खाली, एका दिवसात सगळं होतं का? पेट, सेट, नेटची तयारी करणाऱ्या तुम्हा मंडळींना मी आज हेच प्रश्न विचारायला लावणार आहे. फक्त बेट सोडून देऊ. आपण छत्रपती संभाजीनगरातल्या चिकलठाण्याहून निघायचं आणि सुमारे १०० किलोमीटरवरच्या वाघूर नदीच्या दरीत, म्हणजे अजिंठ्याला जायचं.

दगडाच्या बाबतीत आपण कमी नाही आहोत. वायमेआ बेसॉल्टमध्ये कोरली गेली आणि वाघूरची दरीही बेसॉल्टमध्येच. आपला दगड तर कितीतरी जुना, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हिंदी महासागरातलं रियुनियन बेट आज ज्या तप्त स्थानावर उभं आहे, त्याच स्थानाशी दख्खनच्या लाव्हाचा संबंध भूवैज्ञानिक जोडतात. म्हणजे ज्वालामुखी बेटाशी आपलं दूरचं नातं आहेच. लाव्हाचे थर एकावर एक, जवळजवळ आडवे बसले. पुढे पठाराच्या उत्तर कडेवर नदीनं ते कापत नेले आणि घोड्याच्या नालासारखी वळलेली दरी तयार झाली. वरच्या टोकाला सप्तकुंडाचा धबधबा, एका बाजूला सुमारे ७५ मीटर उंचीचा उभा कडा आणि त्या कड्याच्या पोटात तीसेक लेणी.

आता मुद्द्याचं. सहलीचा आराखडा म्हणजे नुसतं वेळापत्रक नसतं. सुरुवात कुठून करायची, कोणत्या क्रमानं बघायचं, कुठे थांबायचं आणि काय सोडायचं, हे ठरवताना तुम्ही त्या जागेच्या इतिहासाबद्दल काहीतरी गृहीत धरत असता. बहुतेक वेळा ते गृहीत तुमचं नसतंच. कुणीतरी आधी पाडलेल्या पायवाटेनं, आधी दिलेल्या क्रमांकांनी आणि आधी लिहिलेल्या गोष्टीनं तुमचा दिवस ठरवून टाकलेला असतो. फेलोशिप हातात नाही, गाडीभाडं स्वतःच्या खिशातून, वेळ एकच दिवस. अशा वेळी हे कळणं फार उपयोगाचं आहे. कारण एका दिवसात सगळं बघता येत नाही, पण एक प्रश्न नीट तपासता येतो.

निघायचं कुठून?

आज अजिंठ्याला येणारा परदेशी पाहुणा बहुधा चिकलठाणा विमानतळावर उतरतो. मग शहरातून हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव करत अजिंठा गाव आणि तिथून घाट उतरून फर्दापूर. आपणही याच रस्त्यानं जातो, म्हणून आपल्याला वाटतं की अजिंठ्याचा दरवाजा दक्षिणेला आहे.

एकोणिसाव्या शतकात तसं नव्हतं. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, पण अजिंठा निजामाच्या मुलखात राहिलं. १८६० च्या दशकात मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे पाचोरा, जळगाव, भुसावळवरून पुढे गेली आणि लेण्यांकडे येणारा माणूस खानदेशातून, उत्तरेकडून, फर्दापूरला यायला लागला. मनमाड-औरंगाबाद-हैदराबाद रेल्वे झाली ती १९०० च्या सुमारास. आपलं चिकलठाणा स्टेशन त्याच मार्गावरचं. म्हणजे आपला दक्षिण दरवाजा तसा उशिराचा.

याचा संशोधनाशी काय संबंध? कागदपत्रांशी आहे. फर्दापूरची वाट, तिथला मुक्काम, लेण्यांकडची व्यवस्था याबद्दल काही शोधायचं असेल, तर फक्त औरंगाबाद आणि हैदराबादच्या नोंदी बघून भागणार नाही. मुंबई इलाख्यातल्या खानदेशच्या नोंदीही बघाव्या लागतील. मराठवाड्याचे आपण, म्हणून मराठवाड्याचेच कागद, ही सवय इथे नडते. नकाशा उघडा आणि १८५०, १९०० आणि आज अशा तीन काळांसाठी लेण्यांकडे जायच्या वाटा तीन रंगांनी काढा. अर्ध्या तासाचं काम आहे. कोणत्या काळाचे कागद कुठे सापडतील, याचा अंदाज त्यातूनच यायला लागतो.

नावाचंही तसंच आहे. लेण्यांना आपण अजिंठा म्हणतो, पण अजिंठा गाव घाटाच्या वर आहे, लेण्यांपासून दहा-अकरा किलोमीटरवर. दरीला त्याहून कितीतरी जवळ असलेलं गाव म्हणजे लेणापूर. गावाच्या नावातच लेणी आहे बघा! मग लेण्यांना लेणापूरचं नाव का मिळालं नाही? बाहेरून येणाऱ्याला माहीत असलेलं गाव, बाजाराचं, तटबंदीचं, मुक्कामाचं, ते अजिंठा होतं. जागेला नाव पडतं ते पुष्कळदा येणाऱ्याच्या सोयीनं, राहणाऱ्याच्या नव्हे. जुनी इंग्रजी पुस्तकं चाळताना अजंटा, अडजंटा, अजुंटा अशी वेगवेगळी स्पेलिंग शोधावी लागतात आणि फर्दापूरचीही दोन-तीन रूपं. शोधशब्दांची यादी घरूनच करून ठेवा.

'शोध' कुणाचा?

आता त्या गोष्टीकडे येऊ, जी प्रत्येक गाइड सांगतो. १८१९ मध्ये मद्रास सैन्यातला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला, समोरच्या कड्यावरून त्याला झाडीतून एक कमान दिसली आणि लेण्यांचा 'शोध' लागला.

या गोष्टीचे दोन भाग करा. एक भाग आपण आजही डोळ्यांनी तपासू शकतो : लेणं १० मधल्या एका खांबावर, चित्राच्या अंगावरच, स्मिथनं आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरली आहे. दुसरा भाग, वाघ, शिकार, झाडीतली कमान, हा सांगण्यातून आलेला आहे. खोटा असेलच असं नाही, पण खांबावरच्या अक्षरांइतका पक्का पुरावा त्याला नाही. टिपण काढताना हे दोन भाग वेगळ्या रकान्यांत लिहा. आणखी एक बारकावा. ते नाव आज माणसाच्या नजरेच्या बरंच वर आहे. कारण तेव्हा लेण्यात माती-दगडांचा ढीग साचलेला होता आणि स्मिथ त्यावर उभा होता. म्हणजे ती अक्षरं नुसती तारीख सांगत नाहीत, १८१९ मध्ये आत जमीन किती वर होती तेही सांगतात. इतिहासाचा पुरावा असा आडवाटेनं बोलतो.

आता सोळा वर्षं मागे जा. २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला वेलस्लीचं सैन्य आणि शिंदे-भोसल्यांचं सैन्य भिडलं. लढाईनंतर इंग्रजांचे जखमी अजिंठा गावी हलवले गेले, तिथे त्यांचं इस्पितळ होतं. म्हणजे स्मिथच्या आधी दीड दशक इंग्रज सैन्याची माणसं लेण्यांपासून दहा-अकरा किलोमीटरवर पडून होती, आणि 'शोध' लागला नाही. याचा अर्थ काय? 'शोध' हा काही अंतराचा प्रश्न नव्हता. कोण कुणाला विचारतं, कोण कुणाला दाखवतं आणि पाहिलेलं कोण लिहून छापतं, यावर तो ठरतो. १८२४ मध्ये जेम्स अलेक्झांडर तिथे गेला आणि त्यानं वृत्तांत छापला. १८३९ मध्ये जेम्स फर्ग्युसननं लेणी पाहिली, १८४३ मध्ये त्यावर निबंध वाचला आणि मग कंपनी सरकार हललं. लेणापूरच्या माणसाला, दरीत गुरं चारणाऱ्याला, भिल्ल वाटाड्याला लेणी ठाऊक नव्हती असं मानायला काही आधार नाही. त्यांनी निबंध वाचला नाही, एवढंच.

म्हणून माझी विनंती : तुमच्या प्रबंधिकेत 'शोध लागला' हे क्रियापद वापरण्याआधी कर्ता लिहा. कुणाला शोध लागला? कुणासाठी? वाक्य लगेच बदलतं. 'युरोपीय वाचकांना १८१९ नंतर अजिंठ्याची माहिती होत गेली' हे वाक्य खरं आहे आणि त्यात कुणाची वजाबाकी होत नाही.

क्रमांकांच्या मागे जाऊ नका

तिकीट काढून वर चढलात की समोर लेणं १, मग २, मग ४, असं करत शेवटी २६. क्रमांक इतके सोयीचे आहेत की तोच इतिहासाचा क्रम असावा असं वाटतं. तो तसा नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी दरीच्या तोंडाकडून आत येताना जसं लागेल तसे क्रमांक घातले. सगळ्यात जुनी लेणी, ९, १०, १२, १३ आणि १५-अ, ही नालाच्या मधल्या भागात आहेत, साधारणपणे सातवाहन काळातली, इसवी सनाच्या आगेमागेची. त्यातला '१५-अ' बघा. क्रमांक लावून झाल्यावर ते लेणं हिशेबात आलं, म्हणून त्याला 'अ' चिकटला. आणि पद्मपाणीचं चित्र असलेलं लेणं १ हे पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या काळातलं.

म्हणजे काय होतं? आपण ताज्या डोळ्यांनी सगळ्यात उशिराचं काम बघतो आणि जुन्या चैत्यगृहापाशी पोचेपर्यंत पाय दुखायला लागलेले असतात. संध्याकाळी लिहिलेल्या वहीत पहिल्या दोन लेण्यांची चार पानं आणि दहाव्याच्या चार ओळी. ही चूक विद्यार्थ्यांची म्हणावी तर नाही, ती पायवाटेची आहे.

ही पायवाट तरी कधीची? लेण्यांच्या तोंडासमोरून सलग जाणारी आजची वाट आधुनिक आहे. मूळ रचनेत प्रत्येक लेण्याला खाली नदीकडे उतरणाऱ्या स्वतंत्र पायऱ्या होत्या. बहुतेक ढासळल्या, काही ठिकाणी खुणा दिसतात. एका लेण्यातून शेजारच्या लेण्यात आपण आज जसे दोन मिनिटांत जातो, तसं त्या काळी जात असतीलच असं नाही. नदीवरून वर, पुन्हा नदीवर, असं येणंजाणं असणार. नदी म्हणजे पाणी, आंघोळ आणि रस्ता, सगळं एकच.

हे एकदा डोक्यात बसलं की एक फार चांगला प्रश्न हाती येतो. तोच मी तुम्हाला या एका दिवसासाठी सुचवणार आहे.

एका दिवसाचा एक प्रश्न : हत्ती कुणाकडे बघतात?

सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग दख्खनमध्ये आला. महाराष्ट्राच्या वर्णनात तो पूर्वेकडच्या डोंगरातल्या, काळोख्या दरीतल्या एका संघारामाबद्दल लिहितो. उंच दालनं, कड्यात खोदलेल्या खोल्या, तो बांधणाऱ्या अर्हताचं नाव आचार, आणि दाराबाहेर उत्तर-दक्षिणेला दगडी हत्ती. त्यानं ते स्वतः पाहिलं की ऐकून लिहिलं यावर मतभेद आहेत. पण ही जागा म्हणजे अजिंठा, असं बरेच अभ्यासक मानतात.

हे ताडून कसं बघायचं? दोन खुणा आहेत. पहिली लेणं २६ मध्ये. तिथल्या बुद्धभद्र नावाच्या भिक्षूच्या संस्कृत लेखात अचल नावाच्या स्थविराचा आणि त्यानं करवलेल्या शैलगृहाचा गौरवानं उल्लेख आहे. आचार आणि अचल. दुसरी खूण लेणं १६ च्या खाली. वरच्या पायवाटेनं तुम्ही १६ मध्ये शिरलात तर ती दिसतच नाही. लेण्याच्या पुढ्यातून नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या उतरा. खाली दाराच्या दोन्ही अंगांना दगडात कोरलेले दोन हत्ती आहेत. आता वळून उभे राहा आणि खालून वर या. हत्ती तुमच्या स्वागताला आहेत, वाट वळते तिथे नागराजाची मूर्ती बसलेली आहे आणि मग लेणं उघडतं.

नागराज तिथे उगाच नाही. लेणं १६ च्या बाहेरच्या भिंतीवर वराहदेवाचा लेख आहे. हा वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री, लेण्याचा दाता. लेखात आधी वाकाटकांची वंशावळ येते, मग लेण्याचं वर्णन, आणि त्यात नागराजाच्या स्थानाचाही उल्लेख आहे. म्हणजे भिंतीवरचा मजकूर आणि पायऱ्यांवरची मूर्ती एकमेकांची साक्ष देतात, आणि ती साक्ष नदीकडून येणाऱ्या माणसाच्या क्रमानंच नीट लागते : हत्ती, नाग, लेख, आत बुद्ध. आजच्या पायवाटेवरून हाच क्रम उलटा आणि तुटका होतो.

हा लेख आपल्यापर्यंत कसा आला तेही विसरू नका. १८६० च्या दशकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याच्या लेखांवर काम करून ते छापले, पुढे भगवानलाल इंद्रजींनी त्यावर काम केलं, आणि विसाव्या शतकात वा. वि. मिराशींनी लेणं १६ आणि १७ च्या लेखांचं पुन्हा बारकाईनं वाचन केलं. वाकाटकांचे सगळे लेख त्यांनी १९६३ च्या खंडात एकत्र आणले. मराठीतून सुरुवात करायची असेल तर मिराशींचं 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ' वाचून मगच गाडीत बसा. लेख वाचता आला नाही तरी चालेल, पण भिंतीसमोर उभं राहिल्यावर कोणत्या ओळीत काय आहे हे माहीत असलं पाहिजे.

कालनिर्णयाचा वादही थोडा समजून घ्या. अमेरिकी अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्याचा मोठा भाग अजिंठ्यासाठी दिला आणि दुसऱ्या टप्प्यातलं जवळजवळ सगळं काम इ. स. ४६० ते ४८० च्या आसपास, हरिषेणाच्या कारकिर्दीत आणि तिच्या लगेच नंतर झालं असं मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. एवढी अचूक वर्षं शैलीवरून काढता येतात का, हा आक्षेप आहेच. तुम्हाला एका दिवसात यावर निकाल द्यायचा नाही. पण अर्धवट सोडलेल्या लेण्यांत छिन्नीचे घाव कुठे थांबलेत ते बघा. स्पिंक यांच्या युक्तिवादात अशा अपुऱ्या कामाला मोठं वजन आहे. वाचलेलं आणि दिसलेलं जुळतं का, हे स्वतः बघितल्याशिवाय कुणाचाही पक्ष घेऊ नका.

जे जळालं ते

वही आणि पेन्सिल का न्यायची, मोबाइलमध्ये फोटो काढले की झालं ना, असं विचारणारे पुष्कळ. त्यांच्यासाठी ही हकिकत.

१८४४ मध्ये कंपनी सरकारनं रॉबर्ट गिल या सैनिक-चित्रकाराला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. वर्षानुवर्षं राबून त्यानं कॅनव्हासवर मोठ्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा तेच काम करत राहिले. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. पुढे लेडी हेरिंगहॅमच्या कामात नंदलाल बोस, असित हालदार होते, आणि हैदराबादहून आलेले सय्यद अहमद आणि फजलुद्दीन काझीही होते. पहिली दोन नावं तुम्ही ऐकली असतील. दुसरी दोन ऐकली नसतील, तर का नाही, हाही एक विषय आहे. पुढे हैदराबाद संस्थानचं पुरातत्त्व खातं गुलाम याझदानींच्या हाताखाली उभं राहिलं. इटलीहून तज्ज्ञ बोलावून १९२० नंतर चित्रांवर उपचार झाले, आणि याझदानींचे अजिंठ्यावरचे ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात निघाले.

मधल्या काळात भिंतीवरची चित्रं झिजतच होती. त्यामुळे आज एखादी आकृती भिंतीवर पुसट आहे, नक्कल जळाली आहे आणि फक्त कुणीतरी लिहून ठेवलेलं वर्णन उरलं आहे, असं घडतं. फोटो काय दिसलं ते सांगतो. तुम्ही कुठे उभे होतात, उजेड कुठून येत होता, किती वाजले होते, काय दिसेना, हे फोटो सांगत नाही. दरी नालासारखी वळलेली असल्यानं प्रत्येक लेण्यात ऊन वेगळ्या वेळी पोचतं. म्हणून वहीत प्रत्येक नोंदीच्या डाव्या बाजूला वेळ लिहायची. फ्लॅश वापरायला बंदी आहे, ती मनापासून पाळा.

तर दिवस असा आखा

सोमवारी लेणी बंद असतात, तो दिवस टाळा. वेळा आणि तिकिटाचे दर निघण्याआधी एकदा बघून घ्या. चिकलठाण्याहून सकाळी सहाला निघालात तर नऊच्या सुमारास फर्दापूर येतं. एसटीनं जायचं तर मध्यवर्ती बसस्थानकावरून जळगावची गाडी धरा आणि फर्दापूर टी-पॉइंटला उतरा. खासगी गाड्याही तिथेच थांबतात. पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसनं.

वर गेल्यावर लेणं १ च्या रांगेत लगेच उभं राहायचं नाही. सरळ मधल्या भागात जा : ९ आणि १०. अर्धा-पाऊण तास फक्त जुन्या कामाला. स्मिथचं नाव शोधा आणि त्याची उंची आपल्या खांद्यापासून हातानं मोजा. मग १६ च्या पायऱ्या नदीपर्यंत उतरा आणि हत्तींपासून वर या, लेखासमोर थांबा. १७ आणि १९ त्याच ओघात होतात. मग २६, बुद्धभद्राच्या लेखासाठी. जेवणाचा डबा बाहेर, लेण्यांत नाही. दुपारनंतर परतीच्या वाटेवर लेणं १ आणि २. गर्दी असेल, पण तोपर्यंत तुमच्या डोळ्यांना जुनं काय आणि नवं काय हे कळलेलं असेल, म्हणून पद्मपाणी वेगळा दिसेल.

व्ह्यू पॉइंट शेवटी ठेवा. स्वतःची गाडी असेल तर परतताना घाट चढून वरच्या अंगानं जाता येतं. नसेल तर नदी ओलांडून समोरचा कडा चढणारी पायवाट आहे, धाप लागते आणि पावसाळ्यात निसरडी होते, तेव्हा वेळ आणि चपला बघून ठरवा. वरून अख्खी दरी एका नजरेत येते. फोटो तिथेच सगळ्यात छान येतो आणि म्हणूनच मी तो शेवटी ठेवायला सांगतेय. ती जागा 'शोधणाऱ्या'ची आहे. आधी तिथे गेलात की दिवसभर तीच गोष्ट डोक्यात राहते. आधी नदीवरून वर आलात, तर कड्यावरून बघताना कळतं की वरून पायऱ्या दिसत नाहीत, हत्ती दिसत नाहीत, माणसांची येण्याजाण्याची वाट दिसत नाही. फक्त भोकं दिसतात.

वेळ उरला तर अजिंठा गावात थांबा. तिथे पारोची कबर आहे. गिल आणि पारो यांची गोष्ट ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या काव्यामुळे आणि त्यावरच्या २०१२ च्या चित्रपटामुळे घराघरात पोचली. कबरीवरच्या दगडावर मात्र थोडंच आहे : तिचं नाव आणि २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख. तिचं गाव, तिचं वय, तिचं म्हणणं, यातलं काही नाही. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला. काव्याला जे सांगायचा हक्क आहे तो आहे, त्यावर वाद नको. पण इतिहासाच्या विद्यार्थ्यानं दगडावर किती आहे आणि गोष्टीत किती आहे यातलं अंतर ओळखलं पाहिजे. तरीही त्या दगडाचं महत्त्व कमी होत नाही, उलट वाढतं. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या हकिकतीत इथल्या एका बाईचं नाव तारखेसकट टिकलं आहे, ते याच एका ठिकाणी. वाटाडे, मजूर, नकला करणाऱ्याला मशाल धरणारे, यांची तेवढीही नोंद सहज हाती लागत नाही.

घरी आल्यावर

त्याच रात्री, झोपण्याआधी, एकच पान लिहा. वर तुमचा प्रश्न. त्याखाली तीन रकाने : स्वतः पाहिलं ते, वाचलं होतं ते, आणि ऐकलं ते. हत्ती पहिल्या रकान्यात येतील, ह्युएन त्संग दुसऱ्यात, वाघाची शिकार तिसऱ्यात. मग शेवटी दोन ओळी : पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यात काय जुळलं, काय जुळलं नाही. जुळलं नाही तिथे तुमचा पुढचा प्रश्न आहे.

पीएच.डी.च्या मुलाखतीत 'संशोधन पद्धती काय वापरणार?' असं विचारलं की पुस्तकातल्या व्याख्या सगळेच सांगतात. तुम्ही सांगा : मी लेणं १६ ला वरून नाही, नदीकडून गेलो, आणि त्यामुळे लेखाचा क्रम मला वेगळा दिसला. त्यावर समोरचे प्राध्यापक प्रतिप्रश्न करतील, कदाचित तुमचं म्हणणं खोडूनही काढतील. काढू देत. खोडून काढण्यासारखं काहीतरी तुमच्याकडे असणं, हीच संशोधनाची सुरुवात आहे.

पाऊस ओसरला की दरी हिरवी असते आणि सप्तकुंडाला पाणी असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा एखादा मंगळवार ते शुक्रवारमधला दिवस धरा. दोघं-तिघं मिळून गेलात तर गाडीभाडंही वाटून जाईल. जाण्याआधी तुमचा प्रश्न काय आहे ते मला नक्की लिहा.